शाफ्टची मोटरसायकल: शाफ्ट जायच्या आधी कसं ओळखावं आणि रस्त्यात गेला तर काय करावं

सेकंडहँड मोठी मोटरसायकल बघायला गेलात की विकणारा एक वाक्य हमखास टाकतो: "शाफ्टची गाडी आहे, चेनची कटकटच नाही." हे अर्धं खरं आहे. चेन पुसायची नाही, तेल सोडायचं नाही, ताण बघायचा नाही, इथपर्यंत बरोबर. पण त्यामुळे मालकाचं त्या भागाकडे लक्ष जाणंच थांबतं. चेन सैल झाली, गंजली, स्प्रॉकेटचे दात झिजले, तर खाली वाकलं की दिसतं. शाफ्ट, म्हणजे चेनऐवजी इंजिनची ताकद मागच्या चाकाला पोचवणारा दांडा, मात्र मागच्या स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या, खालीवर होणाऱ्या हाताच्या) पोकळीत बंद असतो. तो नजरेला पडत नाही, म्हणून त्याच्याकडे मुद्दाम, ठरवून बघावं लागतं. तेच कसं करायचं ते इथे सांगतो.

आपल्याकडे शाफ्टच्या गाड्या थोड्याच: बीएमडब्ल्यूच्या जीएस, होंडाची गोल्डविंग, ट्रायम्फची टायगर १२०० आणि रॉकेट ३, मोटो गुझीची व्ही८५ टीटी. मी लिहितोय ते मुख्यतः आर१२००जीएस आणि आर१२५०जीएस डोळ्यांसमोर ठेवून, कारण पावसाळ्यातल्या ताम्हिणीपासून लडाखच्या नाल्यांपर्यंत पाण्यातून जास्त जातात त्या याच गाड्या. बाकीच्यांचं तत्त्व सारखंच आहे, मापं आपापल्या मॅन्युअलमधून घ्या.

आत नेमकं काय असतं

जीपखाली कधी वाकून पाहिलं असेल तर लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकांना जॉइंट दिसले असतील. गॅरेजमध्ये त्याला 'क्रॉस' म्हणतात. मोटरसायकलमध्ये तेच सगळं लहान आकारात असतं. गिअरबॉक्समधून शाफ्ट निघतो, मागे क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीला फिरवतो आणि त्यातून चाक फिरतं. ही जोडी ज्या डब्यात असते त्याला फायनल ड्राइव्ह म्हणतात. चाक खड्ड्यात खालीवर होतं, म्हणून शाफ्टला फिरता फिरता वाकावं लागतं. हे वाकणं क्रॉसमधल्या सुईएवढ्या बारीक रोलरांवर चालतं.

बीएमडब्ल्यू १९२३ च्या आर३२ पासून शाफ्ट वापरते आहे. १९८७ मध्ये तिने जीएसला पॅरालिव्हर दिला, म्हणजे स्विंगआर्मला जोडदांडा असलेली रचना. त्याआधी थ्रॉटल पिळला की गाडीचा मागचा भाग वर उचलला जायचा, तो त्रास पॅरालिव्हरने बराच कमी केला. पण त्यासाठी शाफ्टला एकाऐवजी दोन क्रॉस आले, म्हणजे झिजायच्या जागाही दोन झाल्या.

बिघाड चार ठिकाणी होतो. क्रॉसच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं, ग्रीस जातं, गंज चढतो आणि रोलरांचा भुगा होतो. शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या खाचा, कोरड्या पडून झिजतात. काही शाफ्टमध्ये झटके झेलायला आतल्या आणि बाहेरच्या नळीच्या मध्ये रबर चिकटवलेलं असतं, ते जुनं झालं की सुटतं. आणि मागच्या फायनल ड्राइव्हचं मोठं बेअरिंग किंवा ऑईल सील जातं.

खाचा किंवा रबर गेलं तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. त्रास आहे, पण बहुतेक वेळा सावरता येतो. क्रॉस तुटला किंवा फायनल ड्राइव्हचं बेअरिंग फुटलं तर मात्र शाफ्ट आतल्या आत आपटून स्विंगआर्म फोडू शकतो, मागचं चाक जाम होऊ शकतं. सगळी खबरदारी घ्यायची ती या दोन गोष्टींसाठी.

पायरी १: चेसिस नंबर घेऊन विचारा

२०१३ नंतरच्या वॉटरकूल्ड आर१२००जीएस आणि आर१२५०जीएससाठी कंपनीने शाफ्ट दर ६०,००० किमीला बदलायचा असं ठरवलं आहे. जुनी गाडी घेताना किलोमीटर पन्नास हजारांच्या पुढे असतील तर पहिला प्रश्न हाच: शाफ्ट बदलला का, कधी, आणि बिल कुठे आहे? चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. त्या नंबरवर कोणतं काम बाकी आहे ते त्यांच्या नोंदीत दिसतं. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नका. तो खोटं बोलतो असं नाही, बहुतेकांना खरोखरच माहीत नसतं.

पायरी २: मेन स्टँडवर दहा मिनिटं

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी करा. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये.

मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. दुसरा हात फायनल ड्राइव्हच्या हौसिंगवर ठेवा. ब्रेक पॅडचा हलका घासल्याचा आवाज चालेल. वाळू दळल्यासारखं वाटलं किंवा प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी 'टक' झालं, तर गाडी लांब न्यायची नाही.

मग चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आलटून पालटून ओढा-ढकला. नंतर तीन आणि नऊच्या जागी. हाताला खटखट लागली तर बेअरिंग तपासून घ्या. इंजिन थंड असताना एकदा आणि फेरी मारून आल्यावर एकदा असं दोनदा बघितलेलं बरं.

आता गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाक पुढे-मागे हलवा. थोडी मोकळीक लागेल, ती गिअरमुळे असतेच. ती किती आहे याचं माप घेऊन ठेवा. रिमवर रंगीत टेपचा तुकडा लावा, शेजारी पट्टी धरा, चाक दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत किती मिलिमीटर सरकतं ते वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहा. एका मापाला अर्थ नाही. सहा महिन्यांत ते वाढत गेलेलं दिसलं तर त्याला मोठा अर्थ आहे. सगळ्या तपासण्यांत माझा सर्वांत जास्त भरवसा या वहीवर आहे, कारण झीज हळूहळू होते आणि रोज चालवणाऱ्याला तिची सवय होऊन जाते.

शेवटी टॉर्च घेऊन रिमच्या आतल्या बाजूला आणि हौसिंगच्या खाली बघा. तेलाचा ओघळ म्हणजे सील गेलं. ते तेल ब्रेक डिस्कवर किंवा टायरवर पोचलं तर वळणावर चाक घसरेल. स्विंगआर्मच्या सांध्यावरचं रबरी बूट, म्हणजे आवरण, दाबून बघा: चीर, सुटलेली क्लिप, आत पाण्याचा डुबुक आवाज.

पायरी ३: फायनल ड्राइव्हचं तेल

तेल फार थोडं असतं, आर१२००जीएसमध्ये १८० मिली. एवढ्यावर सगळा भार, म्हणून मॅन्युअलमधल्या अंतराला ते बदलाच, आणि भरपूर पाण्यातून गाडी गेली असेल तर आधी. ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट दिसली तर ठीक. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर तेल बदलून भागणार नाही, हौसिंग उघडावं लागेल. तेल दुधी दिसलं तर पाणी शिरलं आहे. आणि 'जरा जास्तच टाका' असं मेकॅनिकला सांगू नका. जास्त तेलाने आतला दाब वाढून सीलच गळायला लागतं.

पायरी ४: शाफ्ट उघडून बघणं

साधारण दर २०,००० किमीला, पावसात आणि नाल्यांतून खूप फिरणाऱ्याने दरवर्षी पावसाळा संपल्यावर, हे करून घ्यावं. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) आणि गाडीचं मॅन्युअल नसेल तर स्वतः हात घालू नका. पण काम चालू असताना शेजारी उभे राहा.

मागचं चाक, ब्रेक कॅलिपर आणि एबीएसचा सेन्सर काढायचा. कॅलिपर होसवर लोंबकळत न ठेवता दोरीने बांधून ठेवायचा. बुटाची क्लिप सोडायची, हौसिंगला आधार देऊन पॅरालिव्हरच्या दांड्याचा बोल्ट काढायचा, की हौसिंग खाली झुकतं आणि शाफ्टचं टोक समोर येतं. शाफ्ट पूर्ण बाहेर काढा. दोन तुकड्यांचा असेल तर वेगळा करण्याआधी दोन्हींवर मार्करने एकच रेष ओढा. एका क्रॉसमुळे फिरण्याच्या वेगात जो चढउतार येतो तो दुसरा क्रॉस रद्द करतो, पण दोघं एकमेकांशी ठरलेल्या कोनात बसले तरच. एक खाच चुकली तरी गाडी थरथरेल आणि नवा शाफ्टही लवकर जाईल.

आता क्रॉस हातात घेऊन चारी बाजूंना सावकाश वाकवा. सगळीकडे सारखाच, लोण्यासारखा फिरला पाहिजे. सरळ रेषेत आल्यावर किंचित अडकला, खाचेत बसल्यासारखा झाला, तर बेअरिंग गेलं. तांबूस पावडर दिसली तर आतला गंज बाहेर येतोय. या दोन्हींपैकी काहीही असलं तर शाफ्ट बदला. ग्रीस फासून 'अजून पाच हजार चालेल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लोखंडाची ती झीज परत भरत नाही.

सगळं ठीक असेल तर स्प्लाइन पुसून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ग्रीस लावा, बुटाच्या आतलं पाणी कोरडं करा, कडा नीट बसवा, क्लिप आवळा. बहुतेक पाणी शिरतं ते या नीट न बसलेल्या बुटातून.

चाक बसवताना बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, आर१२००जीएसला ६० न्यूटन-मीटर. लांब पान्यावर उभं राहून नव्हे. बोल्ट जास्त आवळले तर चाकाच्या फ्लँजला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या चकतीला, तडा जाऊ शकतो, आणि नेमक्या याच कारणाने बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये आपल्या जुन्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. पंक्चरच्या दुकानात मागचं चाक काढलं असेल तरी घरी आल्यावर टॉर्क पुन्हा बघा.

वॉशिंग सेंटरचंही सांगून ठेवतो. प्रेशरचा पाइप रबरी बुटावर आणि सीलवर रोखू देऊ नका. आणि तापलेली गाडी थेट गार पाण्यात घालू नका. हौसिंगमधली गरम हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. नाला पार करायच्या आधी पाच-दहा मिनिटं थांबलात तर शाफ्टचं आयुष्य वाढेल, शिवाय पाणी किती खोल आहे तेही कळेल.

चालवताना काय ऐकायचं

थ्रॉटल सोडला-धरला की मागून 'खट्', आणि तो आवाज दिवसेंदिवस मोठा. ठराविक वेगाला एका फूटरेस्टमध्ये येणारी थरथर. जुन्या आर१२००जीएसमध्ये शाफ्ट उजवीकडे असतो, २०१३ नंतरच्या वॉटरकूल्ड गाड्यांत डावीकडे, त्यामुळे ती बाजू जास्त थरथरली तर लगेच शंका घ्या.

शंका इंजिनची की शाफ्टची, हे असं ओळखा: मोकळ्या सरळ रस्त्यावर क्लच दाबून गाडी सोडून द्या. इंजिनचे आरपीएम खाली आले तरी थरथर गाडीच्या वेगाबरोबरच राहिली, तर दोष क्लचच्या मागे आहे: शाफ्ट, फायनल ड्राइव्ह, चाक किंवा टायर. मग पुढचा चहा नको, पुढचं गॅरेज शोधा.

रस्त्यात गेलाच तर

गाडी ओढायची थांबली आणि इंजिन मोकळं ओरडलं: थ्रॉटल बंद, क्लच आत, इंडिकेटर, आरसा बघून डाव्या कडेला. पुन्हा गिअर टाकून 'बघू चालते का' असं करू नका. तुटलेला शाफ्ट आत आपटत असेल तर प्रत्येक प्रयत्नाने स्विंगआर्मला मार बसतो.

घाट उतरताना शाफ्ट गेला तर इंजिनचं ब्रेकिंग एका क्षणात संपतं. गिअर खाली टाकून काही होणार नाही, गाडी उतारावर वेग घेत राहील. दोन्ही ब्रेक लगेच पण दाबत-वाढवत लावा, गाडी सरळ असतानाच वेग उतरवा. घाट चढताना गेला तर गाडी मागे घरंगळते. पुढचा ब्रेक घट्ट धरा, दोन्ही पाय जमिनीवर.

मागचं चाक जाम झालं तर एबीएस काही करू शकत नाही, कारण चाक ब्रेकने अडलेलंच नाही. तरीही क्लच आत ओढा, निदान इंजिनचा जोर तुटेल. मागच्या ब्रेकवरून पाय काढा. नजर चाकाकडे नको, लांब समोर जिथे थांबायचं तिथे. हँडल सैल धरा, गाडी उभी ठेवा, पुढचा ब्रेक हलकाच. मागचा भाग बाजूला सरकला तर हँडलला झटका देऊन ओढाताण करू नका. चाक तिरकं असताना अचानक सुटलं तर गाडी स्वाराला वरून फेकते. हे वाचून जमत नाही, पण मोकळ्या मातीच्या मैदानात हळू वेगात मागचा ब्रेक लॉक करून सरकत्या गाडीवर शांत बसायचा सराव करता येतो, आणि तो कामी येतो.

थांबल्यावर गाडीजवळ उभे राहू नका, कठड्याच्या पलीकडे जा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुठेही आणीबाणीला ११२.

गाडी ढकलत न्यायची नाही. चाक फिरलं की तुटलेला तुकडाही फिरतो. आर१२५०जीएसचं वजन २४९ किलो आहे. छोटा हत्ती किंवा पिकअप बोलवा आणि फळी लावून चार माणसांनी चढवा. उतारावर उभी करताना गिअरवर विसंबू नका. शाफ्ट तुटलेला असताना गिअर चाकाला धरत नाही, गाडी स्टँडवरून पुढे सरकते. पिकअपमध्ये पुढचं चाक बोर्डाला टेकवा, चाकांपुढे-मागे दगड किंवा लाकडाचे ठोकळे ठेवा, पुढच्या ब्रेकचा लिव्हर पट्ट्याने हँडलला बांधा, आणि पुढचा सस्पेन्शन थोडा दबेल इतके दोन्ही बाजूंचे पट्टे आवळा. दहा किलोमीटरवर एकदा थांबून ते पट्टे पुन्हा बघा.