पावसाळ्यात सैन्य रंगवताना

टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी चिमुकले शिपाई रंगवताय? जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या गोव्यातल्या फोंड्यात स्प्रे प्रायमरला, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराला, हात लावू नका. दमट हवेत त्याचा पांढुरका थर धरतो आणि शिपायाचे नाकडोळे गायब. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, पातळ हात मारा, रात्रभर वाळू द्या.

सुरुवात 15 मिलिमीटर उंचीच्या शिपायांनी करा. स्वस्त पडतात, लढाई जेवणाच्या टेबलावर मावते. पायदळातले चौघं 40 मिलिमीटर रुंद पट्टीवर चिकटवा. हत्ती एकटाच, 40 बाय 40 च्या चौकोनावर.

पट्टीवरच्या जमिनीसाठी महागडं सामान कशाला? जांभ्या दगडाचा चुरा चहाच्या गाळणीतून गाळा, पांढऱ्या गोंदावर भुरभुरा, वाळला की पाणी घातलेला गोंद वरून फिरवा. गोव्यातल्या चांदरच्या कदंब राजांच्या सैन्याला हा लाल रंग शोभतो. समुद्राची वाळू घेणार असाल तर आधी गोड्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर मिठामुळे ओल धरते.

इ.स.पू. 326 मध्ये सिकंदराशी लढलेल्या पोरसाच्या सैन्याखाली मात्र जांभा नको, झेलमकाठी गाळाची माती! लढाईच्या आदल्या रात्री तिथं पाऊस झोडपून गेला होता, रथ चिखलात रुतले. म्हणून भुरा रंग गोंदात कालवून चाकांना आणि हत्तींच्या पायांना सढळ हाताने फासा.