वैज्ञानिक सॉफ्टवेअरची स्क्रीन सोपी कशी ठेवावी आणि काय लपवू नये

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे किंवा महाप्याच्या एखाद्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत, एकाच सॉफ्टवेअरसमोर दोन अगदी वेगळ्या गरजांची माणसे बसतात. पाळीवरच्या तंत्रज्ञाला दिवसभराचे नमुने बिनचूक नोंदवून संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा असतो, तर ठाणे खाडीवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीला त्याच आकड्यांवर निरनिराळ्या पद्धती लावून पाहायच्या असतात. अशा वेळी सगळी बटणे एकाच स्क्रीनवर मांडणे किंवा ‘सोपे’ आणि ‘प्रगत’ असे दोन वेगळे कप्पे करणे, हे दोन मार्ग चटकन सुचतात. मला दोन्ही अपुरे वाटतात. सेटिंग बदलण्याची बटणे आड ठेवली तरी चालते, पण निकाल ज्या मूल्यांवर उभा आहे ती मूल्ये कधीही दृष्टीआड होता कामा नयेत.

सुरुवात कामाच्या निरीक्षणापासून करावी. तंत्रज्ञाशेजारी एक पूर्ण पाळी बसून कोणती कृती वारंवार होते आणि कोणती क्वचित, हे लिहून काढावे. खाडीच्या नमुन्यासाठी नमुना क्रमांक, ठिकाण, वेळ, भरती की ओहोटी आणि मोजलेला आकडा एवढे रोज लागते. मुख्य स्क्रीनवर तेवढेच असावे.

त्यानंतर डिफॉल्ट मूल्ये, म्हणजे वापरकर्त्याने काही निवडले नाही तर सॉफ्टवेअर आपोआप धरते ती मूल्ये, ठरवावीत, आणि या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक वापरकर्ते ती कधीच बदलत नाहीत. बीओडीचे, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात या मोजमापाचे, उदाहरण घ्या. आयएस ३०२५ या भारतीय मानकाच्या भाग ४४ प्रमाणे आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते, तर परदेशात २० अंशांना ५ दिवसांची पद्धत रूढ आहे. बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी पद्धत गृहीत असेल, तर महाप्यातल्या तंत्रज्ञाने आकडा अचूक भरूनही अहवालावर चुकीच्या पद्धतीचे नाव छापले जाईल. म्हणून डिफॉल्ट येथील मानकाप्रमाणे ठेवावे आणि ‘२७ अंश, ३ दिवस’ हे शब्द निकालाला लागूनच छापावेत.

मोजमापाच्या मर्यादेखाली गेलेल्या, म्हणजे खात्रीने मोजता येण्याइतकेही प्रमाण नसलेल्या, नमुन्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. समजा, अमोनियाच्या पाच नमुन्यांपैकी चारांत लिटरमागे ०.४, ०.६, ०.८ आणि १.० मिलिग्रॅम आढळले आणि पाचवा ०.२ या मर्यादेखाली गेला. तो शून्य धरला तर सरासरी ०.५६ येते, मर्यादेच्या निम्मा धरला तर ०.५८, आणि वगळला तर थेट ०.७०. सॉफ्टवेअरने यांपैकी एक वाट गुपचूप निवडून नुसती सरासरी दाखवली, तर तो सोपेपणा नव्हे, फसगत आहे. सरासरीखाली ‘मर्यादेखालील नमुने १, मर्यादेच्या निम्मे मूल्य धरले’ अशी ओळ द्यावी आणि तिच्याच शेजारी ‘बदला’ हे बटण ठेवावे. तंत्रज्ञ ती ओळ वाचून पुढे जाईल. संशोधक विद्यार्थिनीला हवी असलेली प्रगत सुविधा जिथे प्रश्न पडतो तिथेच सापडेल, मेनूत शोधत फिरावे लागणार नाही.

वापरकर्त्याने भरलेली मूळ नोंद परस्पर बदलू नये, हा नियम तर मोडूच नये. एक्सेल काही जनुकांच्या संक्षिप्त नावांना तारखा समजून बदलून टाकत असे. अखेर मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ केल्याचे जाहीर केले. एका सोयीपायी विज्ञानाला आपली नावे बदलावी लागली, हे सॉफ्टवेअर घडवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

सोप्या वापराकडून प्रगत वापराकडे जाणारी पायवाटही आखून द्यावी. सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डर सुरू केला की मेनूतून केलेली प्रत्येक कृती आज्ञेच्या रूपात लिहिली जाते, आणि त्याच ओळी पुढे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञांची यादी, म्हणून शेकडो प्रतिमांवर चालवता येतात. माउसने काम करणारा माणूस अशा रीतीने न कळत प्रोग्रॅमिंगच्या उंबरठ्यावर पोहोचतो. नकाशांच्या कामातील क्यूजीआयएसमध्ये अनेक साधनांच्या खिडकीत प्रगत पर्याय मिटलेल्या भागात असतात. ते उघडण्यासाठी काम सोडून दुसरीकडे जावे लागत नाही. या दोन्ही रीती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये निःसंकोच घ्याव्यात.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी सॉफ्टवेअर असेल, तर सेटिंग कोणी, केव्हा आणि का बदलली याची नोंद आपोआप व्हावी, आणि ती नोंद कोणालाही पुसता येऊ नये.

शेवटी तपासणी. नव्या तंत्रज्ञाला मदतीविना एक नमुना नोंदवायला सांगावे आणि तो कुठे थबकतो ते पाहावे. मग मूळ नोंदी आणि छापील अहवाल तिसऱ्याच व्यक्तीच्या हाती देऊन, सॉफ्टवेअर न उघडता, तोच निकाल कागदावर काढायला सांगावे. आकडा जुळला नाही, तर एखादे मूल्य अजून पडद्याआड आहे असे समजावे आणि ते अहवालावर आणल्याशिवाय नवी आवृत्ती प्रयोगशाळेत देऊ नये.