उन्हाळ्यात जैसलमेरला राहून नोकरी करायची असेल तर

जैसलमेरला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, असं सगळेच सांगतात. सुट्टी काढून फिरणाऱ्यांसाठी ते बरोबरही आहे. पण ज्यांना रजा न घेता, लॅपटॉप सोबत घेऊन दोन-चार आठवडे वाळवंटात राहायचं आहे, त्यांना मी मे महिना सुचवते. ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटतं, म्हणून त्यामागचा हिशोब सविस्तर मांडते.

आपली प्रमाणवेळ प्रयागराजजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. जैसलमेर एकाहत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे बरंच पश्चिमेला. त्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, पावणेएकच्या सुमाराला. मे अखेरीस सकाळी सहाच्या आधीच उजाडतं आणि सूर्य मावळायला साडेसात वाजून जातात. त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. डिसेंबरात याच गावात साडेसातला उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे नऊ-साडेनऊ ते सहा-साडेसहा अशी ड्युटी असलेल्या माणसाला हिवाळ्यात सकाळी जेमतेम दीड-दोन तास उजेड मिळतो, संध्याकाळ मिळतच नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळी अडीच-तीन तास आणि संध्याकाळी दीड-दोन तास रोज हातात येतात. आणि मधले जे तास ऑफिसचे, त्यात बाहेर पडण्यासारखं हवामानच नसतं. खिडकीबाहेर काहीतरी सुटतंय ही चुटपुट लागत नाही, काम नीट होतं.

हे गणित भारतीय वेळेत काम करणाऱ्यांचं. अमेरिकेच्या वेळेत रात्री बसणाऱ्यांना पहाट मिळेल, संध्याकाळ जाईल. पण रात्रभर जागून उन्हात फिरायला निघणं शरीराला झेपत नाही. ड्युटी इंग्लंडच्या वेळेत, दुपारी दीड ते रात्री साडेदहा असेल, तर सकाळ मोकळी मिळते आणि तेवढी पुरते.

मी मूळची अकोल्याची. मेमध्ये पंचेचाळीसचा पारा आम्हाला नवा नाही, त्यामुळे मला थोडं सोपं गेलं असेल. मुंबई, कोकण किंवा गोव्याहून जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: तिकडची उष्णता घामाने कळते, इथली कळत नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर यायच्या आत उडून जातो. शर्ट कोरडाच राहतो आणि आपल्याला वाटतं, काही विशेष त्रास नाही. संध्याकाळी काखेजवळ मिठाचे पांढरे डाग दिसले की दिवसभरात किती पाणी गेलं ते कळतं. तहान लागायची वाट बघू नका. टेबलावर पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटं ठेवा, जेवणासोबत ताक घ्या. तिथे छाछ गल्लोगल्ली मिळते. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, लघवी गडद झाली, की त्या दिवसाचं फिरणं रद्द. आणि घाम थांबून अंग तापलं, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर तो उष्माघात. अंगावर पाणी मारत थेट दवाखाना गाठायचा.

आता कामाचं. पहिली नोकरी असेल आणि रुजू होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले असतील, तर हा बेत पुढे ढकला. सुरुवातीच्या काळात आपल्याला कुणाला काय विचारायचं हेही माहीत नसतं, आणि दूर बसलेला नवा माणूस विचारायला कचरतो. काम हाताखाली आलं, टीमचा विश्वास बसला, की मग मॅनेजरला सांगा आणि परवानगी ईमेलवर घ्या. तोंडी ‘हो, जा की’ पुरेसं नाही. काही कंपन्यांमध्ये ऑफिसचा लॅपटॉप कोणत्या गावातून वापरायचा याचे नियम असतात, काही क्लायंटच्या करारात तशी अट असते. तुमच्या मॅनेजरलाही ते ठाऊक नसू शकतं. आयटी विभागाला विचारून घ्या. न सांगता जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

खोली निवडणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथे सोय आणि अडचण एकाच भिंतीत असतात. जुन्या पद्धतीच्या घरांच्या पिवळ्या दगडाच्या भिंती जाडजूड असतात. दुपारचं ऊन त्या आत येऊ देत नाहीत, पण वाय-फायही येऊ देत नाहीत. राउटर एका खोलीत आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडे, की मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागलाच. म्हणून ‘वाय-फाय आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ज्या खोलीत राहणार तिथूनच, दुपारी तीनच्या सुमाराला, मालकांना व्हिडिओ कॉल करायला सांगा. बहुतेक जण आनंदाने करतात, कारण मेमध्ये गिऱ्हाईक कमी असतं. सोबत दहा-पंधरा मीटरची लॅन केबल न्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर राउटर चालतो का, हे वेगळं विचारा. पंखा आणि दिवा चालतो, राउटर मात्र नाही, असं बऱ्याच ठिकाणी असतं.

वरच्या मजल्यावरची, किल्ला दिसणारी खोली हिवाळ्यासाठी. दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आत सोडतो. गच्चीखालच्या खोलीत रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. तळमजला किंवा मधला मजला घ्या आणि झोपायला गच्चीवर खाट मागा.

कूलर की एसी? दोन्ही असेल तर उत्तम, पण हवा कोरडी असल्यामुळे कूलर तिथे फार छान काम करतो. अट एवढीच, की समोरची खिडकी थोडी उघडी हवी. बंद खोलीत ओलावा साचतो आणि तासाभरात गुदमरायला होतं. विदर्भातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. कूलरच्या ताट्या, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या बाजूच्या जाळ्या, जुन्या असतील तर पहिल्याच दिवशी बदलून मागा. कूलरचा आवाज मात्र मोठा. कॉलवर समोरच्याला तुमच्यापेक्षा कूलरच जास्त ऐकू येतो. तोंडाजवळ माइक येणारा हेडसेट घ्या आणि बोलायचं नसेल तेव्हा म्यूट राहा. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, दमट हवा त्याच्यात शिरते.

लॅपटॉपची काळजी माणसाइतकीच घ्यावी लागते. बहुतेक लॅपटॉप पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. त्यापुढे पंखा सतत फिरतो, मशीन मंदावतं, बॅटरी लवकर म्हातारी होते. तापलेलं मशीन चार्जिंगला लावू नका. उभ्या गाडीत तर पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका. आणि आंधी, म्हणजे धुळीचं वादळ. मे-जूनमध्ये संध्याकाळी अचानक पश्चिमेकडून तांबूस भिंत चालून येते. तिथली माणसं हवेचा वास घेऊन आधी ओळखतात आणि दारं लावायला लागतात. ती लावायला लागली की आपण प्लग काढायचा, लॅपटॉप बंद करून पिशवीत घालायचा आणि खिडक्या ओढून घ्यायच्या. त्यानंतर वीज हमखास जाते. महत्त्वाचं काही पाठवायचं असेल तर ते संध्याकाळी पाचच्या आत पाठवून मोकळं व्हावं.

बघायचं काय, यावर पुष्कळ लिहिता येईल. मी आठवड्याचे कामाचे दिवस गावासाठी आणि शनिवार-रविवारची पहाट बाहेरच्या ठिकाणांसाठी ठेवायला सांगते.

गावात किल्ला आहेच. रावल जैसल यांनी 1156 मध्ये वसवलेला, त्रिकूट टेकडीवरचा, आजही आत माणसं राहत असलेला. पहाटे सहाला अखै पोलातून चढायला लागा. शेवटचा दरवाजा हवा पोल, आणि तिथे खरंच वारा खेळतो. आतल्या जैन मंदिरांत बाहेरच्यांना सकाळीच सोडतात, आणि चामड्याचा पट्टा-पाकीट चालत नाही, हे आधी लक्षात ठेवा. मंदिरं उघडेपर्यंत गल्ल्यांतून फिरा. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोन्हीकडच्या सज्जांची सावली एकमेकींवर पडते आणि दहा वाजेपर्यंत फरशी गार राहते.

राहायला मात्र किल्ल्यात जाऊ नका. हे मी कळकळीने सांगते. जिथे पूर्वी घागरीने मोजून पाणी वापरत, तिथे पर्यटनामुळे नळ, न्हाणीघरं आणि सांडपाणी आलं. ते पाणी पायाखालच्या मातीत मुरतं आणि बुरूज-भिंती खचतात. 2013 मध्ये राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांसोबत हा किल्ला जागतिक वारसा यादीत आला, पण ते ओझं अजून आहेच. महिनाभर राहणारा माणूस दोन रात्री राहणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी वापरतो. खाली गावात राहा, वर फक्त बघायला जा.

पटवों की हवेली संध्याकाळसाठी ठेवू नका, ती तेव्हा बंद व्हायच्या बेतात असते. शनिवारी सकाळी जा. संध्याकाळी गडीसर तलाव. काम आटोपून पावणेसातला निघालात तरी तिलों की पोलच्या कमानीजवळ सूर्यास्त मिळतो. किंवा सहा किलोमीटरवरच्या बडा बागेत राजांच्या छत्र्या बघायला जा. आजूबाजूला पवनचक्क्या फिरत असतात.

बाहेरच्या ठिकाणांत कुलधरा हे ओसाड गाव सगळ्यांना भुताच्या गोष्टीसाठी दाखवतात. माझं सांगणं, भूत सोडा आणि तिथे पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांची शेती बघा. जिथे वर्षाला सहा-आठ इंचांच्या घरात पाऊस पडतो तिथे ही माणसं गहू पिकवत होती. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी सखल जमिनीत अडवायला ते लांब मातीचा बांध घालत. याला खडीन म्हणतात. पावसाळ्यात बांधाआड पाणी साठायचं, जमिनीत मुरायचं, वरचं ओसरलं की त्याच ओलीत रब्बीची पेरणी. वेगळं पाणी द्यायचं कामच नाही. जैसलमेर भागात अशी खडीनं आजही कसतात. उन्हाळ्यात जाण्याचा फायदा इथे दिसतो. पीक नसतं, पाणी नसतं, म्हणून उतार, बांध आणि भेगाळलेली सपाट जमीन अशी सगळी रचना उघडी दिसते. बांधावर उभं राहून उताराकडे तोंड केलं की समोरची सखल जमीन किती अचूक निवडली आहे ते समजतं. मराठवाड्यात पाणलोटाची कामं पाहिलेल्या माणसाने तर हे बघायलाच हवं. पहाटे साडेपाचला निघा, साडेआठला परत.

सम आणि खुरी इथल्या वाळूच्या टेकड्यांवरचे बरेचसे तंबू मेमध्ये गुंडाळलेले असतात. उंटावरची सफर करायचीच असेल तर सूर्य मावळल्यानंतरची, आणि उंटवाल्याचा सल्ला मानायचा. पण उन्हाळ्यातली खरी मेजवानी रात्री आहे. आकाशगंगेचा दाट, उजळ भाग वृश्चिक-धनू राशींच्या बाजूला असतो. हिवाळ्यात तो रात्री दिसत नाही. मे-जूनमध्ये ज्येष्ठा तारा मध्यरात्री माथ्याच्या दक्षिणेला येतो, त्याच्याखाली मूळ नक्षत्राचा आकडा आणि मागोमाग आकाशगंगा वर चढते. अमावास्येच्या जवळचा शनिवार आधीच कॅलेंडरवर मारून ठेवा. आदल्या दिवशी आंधी होऊन गेली असेल तर धूळ हवेत लटकते, तेव्हा तो बेत पुढच्या रात्रीवर टाका.

मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात गोडावण, म्हणजे आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी, दिसेल या आशेने बरेच जण विचारतात. उन्हाळा हा त्याच्या विणीचा काळ. जमिनीवर एकच अंडं घालणारा, आणि जगात फार थोडा उरलेला पक्षी आहे. या दिवसांत त्याच्यामागे गाडी नेऊ नका. हिवाळ्यात वनखात्याच्या वाटेने जा.

पाकिस्तान सीमेजवळच्या तनोट आणि लोंगेवालाचा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता फक्त रविवारी करा, तोही पहाटे निघून. वाटेत नेटवर्क सलग मिळत नाही, त्यामुळे ‘गाडीतून एक छोटा कॉल घेते’ असं कुणाला कबूल करू नका.

जायला मुंबईहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर आणि पुढे जैसलमेरची रात्रीची गाडी. हा दुसरा टप्पा दिवसा करू नका. तो रेल्वेमार्ग फलोदीवरून जातो, जिथे 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. पोहोचायचा दिवस शनिवार ठेवा. म्हणजे रविवारी खोलीतलं इंटरनेट, कूलर, टेबल-खुर्ची सगळं तपासता येतं, काही जमत नसेल तर खोली बदलता येते, आणि सोमवारी साडेनऊला तुम्ही कामावर हजर असता.