नागपूरहून कोकण किनारा: आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

डिसेंबर-जानेवारीत चौघं मित्र एका गाडीत निघत असाल, तर हॉटेलच्या बुकिंगआधी कालनिर्णय काढा. कोकणात भरतीची ढोबळ वेळ तिथीच्या पाऊणपट असते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात, तर सूर्यास्ताला पाणी मागे हटलेलं आणि वाळू लांबपर्यंत मोकळी. अष्टमीला गेलात, तर त्याच वेळी किनाऱ्याची अरुंद पट्टी उरते. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीतच करता येते, त्यामुळे त्या दिवसाचं गणित आधीच मांडा.

आता गाडी. नागपुरात पहाटे पारा बऱ्याचदा दहाच्या आसपास उतरतो. दुपारी २८ अंशांत भरलेली हवा तेव्हा साधारण ३ पीएसआयने उतरलेली असते, कारण साडेपाच अंशांना जवळपास १ पीएसआय घटते. कमी हवेचा टायर बाजूने दबत राहतो, तापतो आणि समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर १२०च्या वेगात फुटू शकतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी भरा. चारही प्रवासी आणि सामान असेल तर ‘फुल लोड’चा आकडा बघायचा. वाटेत तापलेल्या टायरमधली हवा मात्र सोडू नका. टायरच्या बाजूवर छापलेल्या DOT कोडचे शेवटचे चार अंक ३४१९ असतील, तर तो २०१९च्या ३४व्या आठवड्यातला. असल्या टायरवर हा प्रवास नकोच.

समृद्धी ७०१ किलोमीटर, सरळसोट. डुलकी लागते ती इथेच, म्हणून दर दोन तासांनी ड्रायव्हर बदला. शिर्डी ५२० किलोमीटरवर, पहिला मुक्काम तिथे. पहाटे काचेवर आतून वाफ धरली की हीटर वाढवून भागत नाही: एसी चालू, बाहेरची हवा आत, झोत समोरच्या काचेवर. धुक्यात लो बीमच ठेवा; हाय बीमने समोर पांढरी भिंतच उभी राहते.

दुसऱ्या दिवशी आमणे (भिवंडीजवळ, समृद्धी इथे संपतो), पनवेल, अलिबाग, मुरूड. पुढचा रस्ता खाड्यांनी तुटलेला आहे आणि खरी मजा तिथेच: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे अशा तीन फेरीबोटी. मोबाईलच्या नकाशात ‘फेरी टाळा’ चालू राहिलं, तर तो लांबचा वळसा दाखवेल. धक्क्यावर अर्धा तास आधी पोचा. गाडी बोटीवर चढवण्याआधी ड्रायव्हर सोडून बाकीच्यांनी उतरावं. वजन कमी झालं की गाडी वर उचलली जाते आणि उतारावर बंपर घासत नाही. जागेवर लावल्यावर हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकून ठेवा.

गाडी वाळूत नेण्याचा मोह आवरा. ओली वाळू घट्ट वाटते, पण गाडी थांबली की चाकांखालची वाळू भुसभुशीत होते. रेस दिली की चाक आणखी खोल जातं आणि तोवर भरती सुरू झालेली असते.

कपड्यांचं उलटं गणित: जाड जॅकेट नागपूर ते शिर्डी, किनाऱ्यावर पातळ विंडचीटर पुरतो. खानावळीत माशाचं जेवण सकाळीच सांगून ठेवा. दोनला भुकेले पोचलात, तर डाळभातच मिळेल. परतीला गुहागर–चिपळूण–कुंभार्ली घाट–कराड. घरी पोचल्यावर दोन दिवसांत गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर मीठ सायलेन्सर खातं.