गोवरची मोहीम लेकरांपर्यंत पोचली का, हे तपासायचं कसं

मोहीम संपली की बोर्डावर आकडा लागतो, 97 टक्के, 102 टक्के, एखाद्या उपकेंद्राचे तर 110 सुद्धा. आता 100 लेकरं असलेल्या गावात 110 लेकरांना लस कशी दिली हे कुणी विचारत नाही, सगळे खुश. तो आकडा म्हणजे साधा भागाकार असतोय, वर दिलेले डोस आणि खाली यादीतली लेकरं, आणि घोळ सगळा खालच्या आकड्यात असतोय.

समजा आशाताईच्या यादीत 120 लेकरं, त्यातल्या 117 जणांना टोचलं, झाले साडेसत्त्याण्णव टक्के. पण गावाबाहेर वीटभट्टीवर 22 लेकरं हायत जी यादीतच नाहीत, त्यातल्या तिघांनाच लस मिळाली. म्हणजे खरं गणित 142 पैकी 120, साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास. गोवर लई पसरणारा आजार, लस नसलेल्या लोकांत एक पेशंट 12 ते 18 जणांना देऊ शकतो, म्हणून तर 95 टक्के लेकरांना दोन्ही डोस पाहिजेत म्हणतात. साडेचौऱ्याऐंशीवर तो थांबत नसतोय.

म्हणून पहिलं काम, यादी घेऊन बसायचं नाही, यादीबाहेरच्या जागा शोधायच्या. वीटभट्टी, तांडा, शेतातल्या वस्त्या, रस्त्याच्या कामावरची पालं, आणि आपल्याकडं सगळ्यात मोठं म्हणजे ऊसतोड. महाराष्ट्रात एमआरची (गोवर-रुबेला लसीची) मोठी मोहीम 27 नोव्हेंबर 2018 ला सुरू झाली, 9 महिने ते 15 वर्षांखालच्या सगळ्या लेकरांसाठी, आणि भर शाळांवर. शाळेतली लेकरं सापडायला सोपी की हो, पण नोव्हेंबरात बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, दिवाळी करून कधीच कारखान्यावर गेलेले असतात. गावाच्या यादीत लिहितात 'बाहेरगावी', कारखान्याच्या तळावर ते कुणाच्याच यादीत नाहीत.

जागा ठरल्या की दारोदार जा. एका वस्तीत 20 लेकरं बघायची, आशाताईला सोबत घ्या पण घर तिला निवडू देऊ नका, ती बिचारी ओळखीच्याच घरी नेणार. पारावरून सुरू करून जवळची घरं घेतली तरी तेच होतंय, कडेची घरं राहून जातात. 20 मधी 2 किंवा जास्त सुटलेली सापडली तर त्या वस्तीत टीम परत पाठवायची, सहसा हाच नियम धरतात. आणि एक चूक हमखास होते, लोक या 20 वरून टक्केवारी काढून रिपोर्टात टाकतात. तसं नका करू. ही फक्त परत जायचं का नाही हे ठरवायची तपासणी हाय. जिल्ह्याची टक्केवारी पाहिजे असेल तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं आणि घरं निवडून नीट सर्वे लागतो, जुन्या पद्धतीत 30 ठिकाणी 7-7 लेकरं असं 210 चं गणित होतं.

आता विचारायचं कसं. "लस दिली ना ताई?" असं विचारलं की समोरून "हो" च येणार. त्यापेक्षा विचारा, "परवा लेकराला काय दिलं, तोंडात थेंब का सुई? कुठं टोचली?" पोलिओच्या थेंबात अन् गोवरच्या लसीत गोंधळ लई होतो. एमआर उजव्या दंडावर देतात, डाव्या दंडावरचा व्रण बीसीजीचा (क्षयाच्या लशीचा) असतो, ती जन्मल्यावरची. मग नख बघा, मोहिमेची शाईची खूण डाव्या अंगठ्याच्या नखावर, पोलिओची करंगळीवर. खूण काही दिवसांनी पुसत जाते म्हणून तपासणी मोहिमेच्या पाठोपाठच करा. एकदा भट्टीवर एका पोराच्या नखावर काहीच दिसेना, मी 'नाही' लिहायला लागलो तर त्याची आई म्हणली, थांबा ओ भाऊ, अन् तांब्याभर पाणी आणून हात चोळून धुतला, चिखलाखालून काळी खूण निघाली. तेव्हापासून आधी हात धुवायला लावतो.

कार्ड असेल तर कार्ड बघा, आणि हा प्रश्न सोडू नका: मोहिमेच्या आधी गोवरचा डोस झालता का? (नेहमीच्या वेळापत्रकात पहिला 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत.) हे कामून, तर समजा 100 लेकरांपैकी 85 जणांचा आधीच झालेला, 15 जणांना कधीच काही नाही. मोहिमेत 90 जणांना टोचलं, दिसायला भारी. पण त्यातले 84 आधी झालेल्यांतले अन् कधीच न झालेल्यांतले फक्त 6. म्हणजे ज्यांच्यासाठी मोहीम काढली त्यांच्यापर्यंत 15 पैकी 6, चाळीसच टक्के. माझ्या मते खरा आकडा हाच, पण रिपोर्टात त्याला रकानाच नसतो, तुम्ही वहीत वेगळा काढा.

सुटलेल्या लेकरामागं कारण आईच्याच शब्दात लिहा. 'नकार' असा एकच शिक्का मारू नका. "सांगितलंच नाही कुणी" याला दवंडी लागते, "सर्दी होती म्हणून नाही दिली" इथं आपल्याच माणसाला समजवावं लागतं कारण साध्या सर्दीत लस देता येते, अन् "फडात (ऊस तोडायला) होतो" याला वेळ बदलावी लागते.

शेवटचं, सुटलेल्या लेकरांसाठी परत जाताना सिस्टरला आधी सांगून ठेवा. एमआरची पावडर एकदा पाण्यात मिसळली की 4 तासच चालते, नंतर उरलेली टाकूनच द्यायची. त्यामुळं तळावर जायच्या आधी मुकादमाला फोन लावा अन् लेकरं कोपीवर (तळावरच्या झोपडीत) कधी असतात ते विचारा, सकाळी गेलात तर सगळी आईबापासोबत फडात असतात.