ताकदवान कुत्रा आणि ट्रेनिंग कॉलर: या चुका टाळा

40 किलोचा कुत्रा मांजरामागे झेपावला की लीश धरणाऱ्याचा खांदा हमखास दुखावतो. मग कोणीतरी सुचवतं, "चोक चेन घाला, सरळ होईल." ओढलं की मान आवळणारी ही साखळी येते, आठवडाभर फरक दिसतो आणि मग तोच कुत्रा घशातून घरघर आवाज काढत पूर्वीइतकाच ओढू लागतो.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: कॉलरला ब्रेक समजायचं. कुत्रा ओढतो, कारण ओढल्यावर तो हव्या त्या झाडापाशी पोहोचतो. दर फेरीला हे बक्षीस मिळत असेल, तर कुठलीही कॉलर ती सवय मोडणार नाही. लीश ताणली की जागीच थांबा, सैल झाली की चाला आणि तो गुडघ्याजवळ असताना खाऊ द्या. सुरुवातीला दहा मिनिटांत वीस पावलंही होत नाहीत, पण तो दिवस वाया गेला असं समजू नका. घरातल्या एकानेही त्याला ओढू दिलं, तर मात्र सगळी मेहनत पाण्यात जाते.

ताण सतत राहू देणं ही दुसरी चूक. चोक चेन आणि काटेरी प्रॉंग कॉलर वापरणारे ट्रेनरसुद्धा क्षणभर दाब देऊन लगेच सैल सोडा असंच सांगतात. रोजच्या फेरीत ते कोणालाच जमत नाही. चेन उलटी घातली असेल तर ती सैल होतच नाही. मानेत श्वासनलिका आणि थायरॉइड ग्रंथी असतात. कॉलरवर ताण आला की डोळ्यांतला दाबही वाढतो. खोकला, बदललेलं भुंकणं, लाल डोळे, मानेवरचे गेलेले केस यांतलं काही दिसलं तर कॉलर काढा आणि पशुवैद्याकडे जा. मी स्वतः या दोन्ही कॉलर कोणालाही सुचवत नाही.

दुखण्याचा आणखी एक परिणाम होतो. समोरून दुसरा कुत्रा येतो, आपला पुढे झेपावतो आणि त्याच क्षणी मान आवळली जाते. चार-पाच वेळा असं झालं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं: दुसरा कुत्रा दिसला की दुखतं. नुसता उत्साही असलेला कुत्रा मग गुरगुरायला लागतो. विजेचा झटका देणाऱ्या कॉलरमध्ये हा धोका जास्त. ब्रिटनमधल्या वेल्सने 2010 मध्ये तिच्या वापरावर बंदीच घातली. अशा वेळी उपाय एकच, अंतर वाढवायचं. तो समोरच्याकडे पाहूनही खाऊ घेऊ शकेल इतकं लांब उभं राहायचं.

मग वापरायचं काय? छातीवर पुढे कडी असलेलं हार्नेस, म्हणजे मानेऐवजी अंगाभोवती बसणारे पट्टे. ओढलं की कुत्रा आपोआप बाजूला वळतो, मानेवर भार येत नाही. नुसती पाठीवर कडी असलेलं हार्नेस घेऊन लोक फसतात. बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही हार्नेसच घालतात, कारण त्यात छातीची सगळी ताकद लावता येते.

तुमच्या आणि कुत्र्याच्या ताकदीत फारच तफावत असेल तर तोंडावरून जाणारं हेड हॉल्टर उपयोगी पडतं, पण पहिल्याच दिवशी ते चढवून बाहेर पडू नका. आधी काही दिवस त्याच्या पट्ट्यातून नाक घातलं की खाऊ, इतकंच. नाहीतर तो पंजांनी नाक ओरबाडत बसतो. हॉल्टरला झटका कधीही द्यायचा नाही, मान पिरगळते. लांब दोरी किंवा आपोआप गुंडाळली जाणारी लीशही त्याला लावू नका. कुत्रा जोराने धावत जाऊन टोकाला पोहोचला की तोच झटका बसतो. बुलडॉगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना हॉल्टर नीट बसत नाही, त्यांना हार्नेसच बरं.

मान डोक्यापेक्षा जाड असेल तर साधी कॉलर सहज निसटते. तिथे मार्टिंगेल घ्या, म्हणजे ओढलं की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारी कॉलर. ती पूर्ण ताणल्यावरही दोन्ही कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, टेकल्या तर सैल आहे.

लीश हाताला गुंडाळू नका. एका झेपेत बोटं मोडतात. दीड-दोन मीटरची साधी लीश पुरते. घरी आल्यावर आवळणारी कॉलर लगेच काढा, ती पिंजऱ्याच्या गजात किंवा फर्निचरला अडकून कुत्रे गुदमरतात.