चांदीचा जुना स्मृतिचमचा स्वच्छ करताना काळेपणा सगळा काढू नका

स्मृतिचमचा म्हणजे एखाद्या शहराची आठवण म्हणून घेतलेला, तिथलं चित्र कोरलेला चमचा. आधी त्याच्या दांड्याची मागची बाजू भिंगातून बघा. '८००' या आकड्याशेजारी चंद्रकोर आणि मुकुट असेल, तर चमचा जर्मन, १८८८ नंतरचा, ८० टक्के चांदीचा. चालता सिंह असेल, तर इंग्लंडचा, ९२.५ टक्के. 'ईपीएनएस' म्हणजे चांदीचा नुसता मुलामा. तो फक्त मऊ कापडाने पुसायचा.

मग कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. लगेच कोरडा करा.

आता खरं काम. माझ्या पहिल्या चमच्यावर जर्मनीतल्या कोलोन शहराचं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च होतं, १८८० मध्ये पूर्ण झालेलं, जोडमनोऱ्यांचं. कुणाच्या तरी सांगण्यावरून मी तो ॲल्युमिनियम फॉइल, सोडा आणि उकळत्या पाण्यात टाकला. दोन मिनिटांत चमचा पांढराफटक! मनोऱ्यांच्या खिडक्या, कमानी सगळं सपाट दिसायला लागलं. वरच्या टोकाला कोलोनचं चिन्ह होतं, तीन मुकुटांचं. त्यामागच्या लाल मिन्यालाही, म्हणजे काचेसारख्या रंगीत थरालाही, तडा गेला. तो चमचा अजून माझ्याकडे आहे आणि तो हातात घेतला की अजूनही वाईट वाटतं.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. पण खाचांमधला काळेपणा हाच त्या चित्राचा जीव असतो. उठावाचा भाग उजळ आणि खाच काळी, म्हणून तर खिडकी खिडकीसारखी दिसते. कित्येक कारागीर तो मुद्दाम आणत. फॉइल-सोड्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. टूथपेस्ट तर अजिबात नको, तिच्याने बारीक ओरखडे पडतात. राख, रांगोळीही नको.

औषधी दर्जाची कॅल्शियम कार्बोनेटची पूड पाण्यात कालवून पातळ लेप करा. फळ्यावरचा खडू चालणार नाही, त्यात खरखरीत कण असू शकतात. सुती कापड बोटाच्या टोकावर घट्ट ताणून गुंडाळा, त्यावर लेप घ्या आणि फक्त उठावाच्या भागावर वरच्या वर फिरवा. कापड ढिलं राहिलं की खाचेत शिरतं, माझ्याकडून हे दोनदा झालंय. कापड काळं झालं की जागा बदला, नाहीतर तीच काजळी परत घासली जाते. चमच्याच्या तोंडाच्या खोलगट भागाला सोन्याचा मुलामा असेल, तर लेप तिथे लावूच नका. मिन्याजवळ नुसता ओलसर बोळा. मनोऱ्याच्या कडा चमकल्या की थांबा, आणखी दोन हात मारायचा मोह होतोच.

खाचेत राहिलेली पांढरी पूड कोरड्या ब्रशने झटका.

ठेवताना धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने दांड्यावर काळा पट्टा उमटतो.